पडलेल्या रानाचा पंचनामा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत १३० पर्यंत गेले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यांचे पंचनामे झाले, बातम्या आल्या, दरांवरून भांडणंही झाली. डोंगरावरच्या रानाचा हिशोब मात्र मागेच राहिला.

तो हिशोब उपग्रहावरच्या रडारने करता येईल, असं एक म्हणणं आहे. रडारला दिसतं ते रानाचं नुकसान नव्हे, असं दुसरं. दोन्ही म्हणणी समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद मांडला आहे. ‘ती’ पुण्यात रडार-प्रतिमांवर संशोधन करते. ‘काका’ कोकणात नोकरी करून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांचे स्नेही. दोघंही कल्पित आहेत.

काका : मला आधी हे सांग, की वादळात पडलेलं झाड मोजायला आकाशात कशाला जायचं? वनरक्षक आपल्या बीटमध्ये फिरतो, वनपाल तपासतो, वर अहवाल जातो. शंभर वर्षं हेच चाललंय.

ती : फिरता आलं तर ना, काका. निसर्गनंतर रस्त्यांवर झाडं, विजेचे खांब आडवे, मोबाइलला रेंज नाही. वनरक्षक आधी रस्ता मोकळा करणार, मग गावातली वीज आणि घरं. रानात शिरेपर्यंत पाऊस सुरू. मग जी झाडं मोजली जातात, ती रस्त्याकडेची आणि पाणवठ्याच्या वाटेवरची. आतल्या खोऱ्यात काय झालं, ते ‘अंदाजे’ या सदराखाली जातं.

काका : अंदाज म्हणजे थाप नव्हे. ज्याने वीस वर्षं तो डोंगर चढलाय, त्याला समोरच्या कड्यावरून बघून कळतं कुठे किती पडलंय.

ती : एका डोंगराचं कळेल. दोन जिल्ह्यांचं? आणि तेही आठ-पंधरा दिवसांत? साधा कॅमेरा असलेला उपग्रह इथे हात टेकतो, कारण त्याला ऊन लागतं आणि ढग चालत नाहीत. वादळ ३ जूनला आलं, दुसऱ्या आठवड्यात मान्सून. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर निरभ्र दिवस मिळाला तर नशीब. रडार स्वतःच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी मोजतं. रात्र असो, ढग असोत, त्याचं काम अडत नाही.

काका : मग ऑक्टोबरपर्यंत थांबा. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवालही ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या ढग नसलेल्या प्रतिमांवरच होतो की.

ती : ऑक्टोबरमध्ये काय दिसतं, ते तुम्हीच सांगा.

काका : हं. ऐन उन्मळून पडला, की मुळांचा गड्डा मातीसकट पुरुषभर उंच उभा राहतो. खाली खड्डा, त्यात पाणी. गणपती येईपर्यंत त्या मातीवर तेरडा फुललेला असतो, आडव्या खोडावर घोटवेल चढलेली असते. दसऱ्यानंतर दहा पावलांवरून बघितलंस तरी खोड दिसत नाही. सगळं हिरवंगार.

ती : आणि सातशे किलोमीटर उंचीवरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला हिरवं ते हिरवं. वरची छत्री गेली, खाली वेली आणि रानमोडी आली, तरी नोंद ‘जंगल शाबूत’ अशी होऊ शकते. त्यात वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची सावली दहा टक्क्यांपेक्षा जास्त असली, की ते वनाच्छादन. मालक कोण हे बघितलं जात नाही. म्हणजे आमराई त्यात, नारळाची वाडीही त्यात.

काका : ते ठाऊक आहे. पण तुझ्या रडारला वेल आणि झाड यांतला फरक कळतो, हे मला पटवून दे.

ती : ते लहरीच्या लांबीवर ठरतं. चाळणीची भोकं जेवढी, तेवढाच जिन्नस वर अडकतो, तसं. सेंटिनेल-१ या उपग्रहावरच्या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरची, तिला आपण सी-बँड म्हणतो. ती पानं, डहाळ्या, बारीक फांद्या यांवरच अडते. झाडाच्या शेंड्याचं तिला कळतं, बुंध्याचं फारसं नाही. एल-बँडची लहर चोवीस सेंटिमीटरच्या आसपास. ती पानांतून आत जाते, जाड फांद्या आणि खोडांवरून परत येते. उभं खोड आणि जमीन यांच्या कोनातून ती दोनदा आपटून जोरात परतते. खोड आडवं झालं की तो कोन मोडतो. वेलींनी कितीही हिरवं केलं, तरी उभं खोड परत येत नाही.

काका : आणि ही चोवीस सेंटिमीटरवाली लहर आपल्याला मिळते?

ती : निसर्ग आलं तेव्हा सहज मिळत नव्हती. जपानचा एलॉस-२ होता, पण त्याच्या फेऱ्या आपल्या सोयीने नसायच्या. आता निसार आहे, इस्रो आणि नासाचा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर नासाचं एल-बँड रडार आहे आणि इस्रोचं एस-बँड, दहा सेंटिमीटरच्या जवळपासचं. अँटेनाची जाळी बारा मीटर व्यासाची. दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघणार, आणि माहिती सगळ्यांना खुली.

काका : म्हणजे झाडं पडली, की चित्रात तिथे काळं पडणार.

ती : एल-बँडमध्ये बहुतेक वेळा मंद होईल. सी-बँडमध्ये उलटही होतं. स्वित्झर्लंड आणि उत्तर जर्मनीतल्या वादळात पडलेल्या जंगलांवर सेंटिनेल-१ वापरून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पडझडीच्या जागी परतणारी लहर वाढली होती. सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आसपास, म्हणजे साधारण बारा टक्के. मोडलेले शेंडे, उघड्या फांद्या, ओली माती, सगळा विस्कोट एकदम समोर आलेला असतो.

काका : बारा टक्के? अगं, एक सर पडून गेली तरी रानाचा रंग याहून जास्त बदलतो. पानं भिजली, माती भिजली, तर तुझी लहर वाढणार की नाही?

ती : वाढते. कधी कधी याहून जास्त वाढते. सकाळी सहाच्या फेरीत नुसत्या दवानेही फरक पडतो. वादळ कोरडं येत नाही, त्यामुळे आमची सगळ्यात मोठी अडचण पाऊस हीच. म्हणून एक आधीचं आणि एक नंतरचं अशी दोन चित्रं शेजारी ठेवून निकाल देणारा माणूस फसतो. त्याच कक्षेतली आधीच्या अनेक फेऱ्यांची चित्रं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, नंतरच्याही दोन-चार फेऱ्या बघायच्या. पाऊस सगळ्या डोंगरावर पडतो, झाडं काही ठिकाणीच पडतात. आजूबाजूचं रान जेवढं बदललं, त्यापेक्षा एखादा तुकडा वेगळा बदलला का, एवढंच विचारायचं.

काका : आणि तुकडा केवढा?

ती : सेंटिनेलच्या चित्रातली एक चौकट दहा मीटर बाय दहा मीटर. जवळपास एक गुंठा.

काका : गुंठा! मग तर झाडन्‌झाड दिसेल.

ती : नाही. रडारच्या चित्रात मीठ-मिरपूड सांडल्यासारखे ठिपके असतात. लहरी एकमेकींत मिसळतात, त्यातून हा कचरा येतो. एका चौकटीवर विश्वास ठेवता येत नाही, शेजारच्या कित्येक एकत्र कराव्या लागतात. त्या युरोपीय अभ्यासातही अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान पडझड धरलेली नाही. निसारसाठी ठरवलेलं उद्दिष्टही असं आहे, की एक हेक्टर जागेतली निम्मी किंवा जास्त छत्री गेली, तर वर्षभरातला तो बदल ऐंशी टक्के अचूकतेने पकडायचा.

काका : आता तूच माझ्या हातात कोलीत दिलंस. म्हसळ्यातलं चिरगाव माहीत आहे? तिथे गिधाडं उंच, जुन्या झाडांवर घरटी करतात. अशी पाच झाडं पडली, तर गिधाडांच्या दृष्टीने सगळं रान पडलं. तुझ्या नकाशावर तिथे काहीच घडलेलं नसेल. आणि उलट, उतारावरचा निलगिरीचा एक पट्टा झोपला, तर नकाशा लालभडक.

ती : मान्य. एकेकट्या झाडासाठी रडार नाहीच.

काका : पुढचं ऐक. वादळाने झाड दोन तऱ्हांनी जातं. मुळासकट उन्मळतं, नाहीतर मध्येच मोडतं. ऐन किंवा किंजळ छातीच्या उंचीवर मोडला, तर पुढच्या पावसाळ्यात बुंध्यातून फुटवे येतात. दहा वर्षांत पुन्हा झाड. उन्मळलेलं गेलं ते गेलं. तुझ्या चित्रात दोन्ही सारखेच. कड्याकडचं तर विचारतच नाही.

ती : विचारा ना. रडार तिरकं बघतं. उपग्रहाकडे तोंड केलेला उभा उतार चित्रात दाबला जातो, कड्याचा माथा पायथ्यावर चढतो. पलीकडच्या बाजूला सावली. संध्याकाळच्या फेरीत जे झाकलं जातं, त्यातलं काही सकाळच्या फेरीत दिसतं, कारण दिशा बदलते. तरी काही घळी दोन्हीकडून सुटतात. तिथे नकाशात करडा रंग द्यायचा आणि ‘तपासता आलं नाही’ असं लिहायचं. न दिसणं म्हणजे न पडणं नव्हे. पण काका, तुमच्या अहवालात असं सदर कधी होतं?

काका : नव्हतं. वरच्या साहेबाला कोरी जागा चालत नाही. पण अडचण निराळीच आहे. हे तंत्र तुम्ही ज्या देशांतून उचललंत, तिथलं रान आणि आपलं रान एक नाही.

ती : तिथे गरज मोठी होती म्हणून तंत्र तिथे वाढलं. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुद्रुन वादळ आलं. एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं, म्हणजे देशभरात वर्षाला जेवढी तोड होते जवळपास तेवढं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ईशान्य इटलीत वाइया आलं. बेचाळीस हजार हेक्टरांवर जंगलाला फटका, पंच्याऐंशी लाख घनमीटर लाकूड. त्यात पानेवेज्जोचं रानही सापडलं, जिथल्या स्प्रूसच्या लाकडाची व्हायोलिन शतकानुशतकं बनत आली. दोन्हीकडे पडलेल्या स्प्रूसमध्ये साल पोखरणारा भुंगेरा वाढतो आणि मग उभ्या झाडांवर चढतो. उन्हाळ्याआधी लाकूड बाहेर काढलं नाही, तर वादळाने सोडलेलं रान किडा खातो. कुठे किती पडलंय हे आठवड्यांत कळणं, हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

काका : बरोबर. तिथे एका जातीची, एका वयाची, उथळ मुळांची झाडं ओळीने उभी. वारा आला की डोंगरच्या डोंगर झोपतो. प्रत्येक झाडाला भाव ठरलेला. म्हणून पडलेलं झाड म्हणजे तोटा. आपल्या मिश्र रानात वारा एखादा जुना आंबा घेतो, चार ऐन घेतो, शेजारचा जांभूळ सोडतो. पडलेल्या झाडाने उजेड खाली येतो, दाबलेली रोपं वर निघतात. खोडात ढोली होते, वाळवी येते, सुतार येतो, खाली ओल टिकते. त्याला मी नुकसान म्हणू?

ती : अभयारण्यात तर कायद्यानेही ते तसंच सोडायचं असतं ना?

काका : हो. १४ फेब्रुवारी २००० ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं यांतून मेलेली, मरणाऱ्या अवस्थेतली, वाऱ्याने पडलेली झाडं, इतकंच काय गवतही बाहेर काढायला राज्यांना मनाई. फणसाड अभयारण्याचं चोपन्न चौरस किलोमीटर त्यामुळे सुरक्षित. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, आता शेकरूचं. पण बाहेरचं काय? कोकणात मालकी रानं आहेत, देवराया आहेत. नकाशा आला की त्यामागून ट्रक येतो, हे मी नोकरीभर बघितलंय. ‘वादळात पडलेली’ म्हणून चार झाडांची परवानगी आणि त्याच पासावर दहा उभी झाडं. सरकारी शिक्क्याचा लाल डाग हा त्यांना आयता पुरावा मिळेल.

ती : काका, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पण तोच मी उलटा वापरते. सेंटिनेलची चित्रं खुली आहेत, निसारचीही. लाकूडवाल्याला नकाशा करून घ्यायचा असेल, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. खात्याने नकाशा केला नाही, तर तो फक्त त्याच्याकडे असेल. आणि आधीच्या-नंतरच्या फेऱ्यांची नोंद असली, तर वादळात काय पडलं आणि वादळानंतर दोन महिन्यांनी काय ‘पडलं’, हे वेगळं काढता येतं. जूनमध्ये शाबूत असलेला तुकडा सप्टेंबरमध्ये गेला, तर तो वाऱ्याने नेला नाही.

काका : अर्धा हेक्टर असेल तर.

ती : अर्धा हेक्टर असेल तर. चोरी एकेका सागाची असेल, तर तुमचा वनरक्षकच हवा. पण मोकळ्या झालेल्या जागेत नेहमी दाबलेली रोपंच वर येतात, असं तुम्ही म्हणालात. नेहमी?

काका : नाही. रानाच्या पोटात असेल तर येतात. कडेला, वाटेला, गुरं फिरतात तिथे रानमोडी आणि टणटणी आधी घुसते. ती एकदा माजली, की रोपाला उजेड नाही. आणि मार्चमध्ये ती वाळते. त्यात वादळाचं वाळकं लाकूड. मग वणवा लागला की जमिनीलगतचा राहत नाही, शेंड्यापर्यंत जातो.

ती : मला रडार यासाठी हवंय. किती लाकूड गेलं यासाठी दुय्यम. रायगड-रत्नागिरीत कुठल्या पन्नास ठिकाणी छत्री उघडली, ते जूनअखेर कळलं, तर दिवाळीनंतर माणसं रानमोडी उपटायला नेमकी तिथे पाठवता येतील. जाळरेषा कुठे रुंद करायच्या, ते फेब्रुवारीआधी ठरेल. सगळं रान पायी धुंडायला माणसं नाहीत, तुम्हालाही ठाऊक आहे.

काका : हे आधी बोलली असतीस तर इतका वाद घातला नसता. पण एक अट. या नकाशावरून कुणाची भरपाई ठरवायची नाही. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी पन्नास हजार जाहीर झाले. श्रीवर्धनच्या माणसाची वाडी गुंठ्यांत. त्यात नारळ, खाली सुपारी, खाली जायफळ, कडेला मिरीचे वेल. हेक्टरचा हिशोब त्याच्या कामाचा नव्हता. शेवटी नारळ-सुपारीला झाडामागे दर ठरवावा लागला. आता कुणी म्हणेल, उपग्रहात तुझी वाडी उभी दिसते.

ती : म्हणणाऱ्याला मी सांगेन की त्या वाडीवर आमच्या आठ-दहा चौकटी पडतात आणि त्यांच्या जोरावर कुणाचा दावा नाकारणं चूक आहे. वाडीचा पंचनामा तलाठ्याने, कृषी सहायकाने पायीच करायचा. आता माझी अट. वादळानंतरचं काम वादळाआधी करायला लागतं. एप्रिल-मेमध्ये रान कोरडं असतं, लहर स्थिर असते. दरवर्षी त्या दोन महिन्यांची चित्रं तयार करून ठेवायची. आणि रानात कायमचे तुकडे आखून झाडांचे घेर मोजून ठेवायचे. आधीचं मोजमाप नसेल, तर अर्धा डेसिबल म्हणजे दोन झाडं की वीस, हे मला सांगता येत नाही. ते मोजमाप माझ्याकडे नाही.

काका : मिळेल. घेर मोजणं वनरक्षकाला शिकवावं लागत नाही. पण तुकडे तू संगणकावर बसून आखायचे नाहीस. एक रानाच्या पोटात, एक कडेला, एक तुझ्या त्या करड्या घळीत, जिथे तुला दिसत नाही. आणि ज्या जागी काही करायची गरज नाही, त्यांना नकाशात वेगळा रंग दे. ‘पडलंय, तसंच राहू द्या’ असा. नाहीतर प्रत्येक डागावर कुणीतरी कुऱ्हाड, नाहीतर रोपवाटिकेतली रोपं घेऊन जाईल.

ती : तो रंग मी देणार नाही. ते तुम्ही जागेवर जाऊन ठरवायचं. मी ‘बदल झाला’, ‘बहुधा झाला’ आणि ‘दिसलं नाही’, एवढंच सांगणार. आणि खाली घनमीटरचा एक अंदाज द्यावाच लागेल.

काका : घनमीटर आला की ट्रक आला. तो आकडा काढून टाक.

ती : काका, आकडा नसलेला अहवाल मंत्रालयात कोण वाचतो?

काका : तिथे नाही वाचणार कुणी. पुढच्या मार्चमध्ये ज्याला वणवा विझवायचाय, तो वाचेल. पहिली प्रत त्याला दे, मग वर कुठलाही आकडा पाठव.